रंगशंका : उतारवयातलं आत्मचित्र

प्रश्न : वय ६८, चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त. बायफोकल चष्मा लावून, आरशात बघून तैलरंगात स्वतःचं चित्र करतोय. चेहरा दरवेळी तोऱ्यात, हनुवटी वर केलेला येतो. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं बाकी आहे. त्वचेचे रंगही जुळत नाहीत.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : तोरा तुमचा नाही, बायफोकलचा आहे. आरसा दोन फुटांवर असेल तर प्रतिबिंब चार फुटांवर दिसतं. बायफोकलचा खालचा भाग मात्र वाचण्यापुरता, चौदा-सोळा इंचांसाठी. त्यातून बघायला मान मागे जाते आणि तीच चित्रात उतरते. आरसा आणि कॅनव्हास, दोन्हींची अंतरं टेपने मोजून डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. मधल्या अंतराचा एकाच नंबरचा चष्मा करून घ्या.

मोतीबिंदू झालेलं भिंग निळा प्रकाश अडवतं. म्हणून डाव्या डोळ्याला पांढरा पिवळट दिसतो, उजव्याला निळसर. फ्रेंच चित्रकार मोने यांनी १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतल्यावर त्यांनाही या निळ्या-पिवळ्याने छळलं होतं. रंग कालवताना डावा डोळा मिटा. आकार दोन्हींनी बघा.

सावलीत काळा घालत असाल तर त्वचा मळकट होणारच. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांचं मिश्रण वापरा. सुरकुत्या रेघांनी काढू नका, चेहऱ्यावर कोळिष्टक दिसतं. प्रत्येक घडीला एक उजेडाची कड असते, एक सावलीची; तेवढंच रंगवा. पिकलेले केस आधी करड्या रंगात एकगठ्ठा घ्या, शुद्ध पांढरा शेवटी, दोन-तीन ठिकाणीच.

उत्तरेची खिडकी चांगली हे पुस्तकातलं खरं, पण आपण २१ अंश अक्षांशावर आहोत. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिथूनही तिरपं ऊन आत येतं. खिडकीला पांढरं मलमल ताणून बांधा.

प्रश्न : मे महिन्यात रंगाचा वरचा थर सुकतो, आत ओला राहतो आणि आठवड्यात आक्रसतो. घाण्यावरचं जवसाचं तेल वापरतो.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : तेल जास्त होतंय. उष्म्यात वरची साय लवकर धरते, म्हणून ती सुरकुतते. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करा, तेल वरच्या थरांत थोडं थोडं वाढवा. घाण्याचं कच्चं तेल सावकाश सुकतं आणि पिवळं पडतं. चित्रकलेचं शुद्ध केलेलं घ्या. चित्र उन्हात ठेवू नका.

प्रश्न : आरशात ब्रश डाव्या हातात दिसतो. तसाच ठेवू का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : तुमची मर्जी. लंडनच्या केनवूड हाउसमधल्या, डच चित्रकार रेम्ब्रांटच्या उतारवयातल्या आत्मचित्राचा एक्स-रे काढला, तेव्हा हात आधी आरशाप्रमाणे उलटे रंगवून नंतर बदललेले दिसले. बदलणार असाल तर पहिल्या पातळ थरातच बदला.