'च' काढल्यावर

"एका पेपरमुळे त्याचा डिप्लोमा अडकला तर?" मी समुपदेशक; अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय, की समोरच्याने घसा खाकरला तरी तो मला ओळखू येतो. डिप्लोमा म्हणजे तिकडे हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला. साताऱ्याच्या एका आजींना मात्र नातू पॉलिटेक्निकला गेलाय, असंच वाटत होतं.

त्याच नातवाची ही गोष्ट, 2023 सालची; ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. घर टेक्सासमध्ये, डॅलसजवळ. तिथे वर्गातले विषय पूर्ण करायचे, शिवाय राज्याच्या 'स्टार' परीक्षेचे पाच पेपर द्यायचे: बीजगणित, जीवशास्त्र, इंग्रजीचे दोन आणि अमेरिकेचा इतिहास. याने चार काढले होते. अकरावीतला इतिहास दोनदा राहिला. पुढची संधी डिसेंबरची, बारावीत.

"इतिहास म्हणजे नुसतं पाठांतर! आम्ही बोर्डाला धडेच्या धडे घोकले," बाबा स्क्रीनवरून म्हणाले. "डिसेंबरला पास व्हायलाच पाहिजे. नाहीतर सगळं संपलंच."

मुलगा टेबलाकडे बघत होता. माझी सकाळ, त्यांची रात्र. तीन भेटी अशाच गेल्या.

प्रसंग माणसाला जेवढा छळत नाही, तेवढा त्याला आपण लावलेला अर्थ छळतो, हे मी वीस वर्षं मानत आलेय. मराठीत तो अर्थ बरेचदा एका अक्षरात दडून बसतो. चौथ्या भेटीत मी मुलाला विचारलं, "बाबांचं कोणतं वाक्य डोक्यात घुमतं?"

"सगळीच. प्रत्येकात 'च' असतो."

मला ते सापडायला वीस वर्षं लागली, याने एका दमात सांगितलं. मी बाबांना म्हटलं, "तेच वाक्य 'च' काढून म्हणा."

"तू पास व्हायला... पाहिजे." पुन्हा 'पाहिजे'. दोनदा अडखळले. मग चष्मा काढून हळूच म्हणाले, "तू पास व्हावंस असं मला वाटतं. नाही झालास तर... मला वाईट वाटेल. पुन्हा बसू."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही नाही. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य, आणि ते मला जमतं, असं मी हल्ली न लाजता सांगते.

मग मुलगा म्हणाला, "शाळेत जादा तास असतात. मी जात नाही. थांबलो की बस चुकते. मग तुम्हाला न्यायला यावं लागेल आणि कळेल."

नापास झालेल्याला जादा शिकवणं तिथे शाळेला कायद्याने बंधनकारक आहे. मदत दारात उभी होती आणि पोरगं धाकापायी बसमध्ये चढत होतं. अभ्यासाचा प्रश्न मला तिथेच दुय्यम वाटला.

आईबाबांनो, बोर्डाचं भूत सामानाच्या बॅगेतून तिकडे नेऊ नका. आपल्याकडे एका निकालावर वर्ष ठरतं, असं मनात बसलेलं असतं. टेक्सासमध्ये हाच पेपर पुन्हा पुन्हा देता येतो. दोनपर्यंत पेपर राहिलेच, तर 2015 पासून शाळेतली समिती शिक्षक आणि पालकांसह बसते, प्रकल्प किंवा केलेलं काम बघते आणि एकमताने दाखला देऊ शकते. दरवाजा अरुंद आहे, पण आहे. आणि ऐकीव माहितीवर जाऊ नका, राज्य बदललं की नियम बदलतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी तर नोव्हेंबर 2024 मध्ये डिप्लोमासाठी राज्याच्या परीक्षेत पास होण्याची अटच काढून टाकली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारण्यापेक्षा शाळेच्या काउन्सेलरला भेटा आणि काय काय बाकी आहे ते लेखी मागा. भेटीला मुलाला सोबत न्या. त्याच्या माघारी जाऊ नका.

डिसेंबरला तो पास झाला. पण त्या चौथ्या भेटीच्या टिपणात मी बाबांचं एकच वाक्य उतरवून ठेवलंय. मुलगा बोलायचा थांबल्यावर त्यांनी विचारलं होतं, "तास किती वाजता सुटतो?"