आवाज थांबले, मग तो बोलत का नाही?

मावशी, माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. सहा वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं कळलं. गोळ्यांनी त्याला ऐकू येणारे भासाचे आवाज थांबले, संशयही गेला. पण दिवसभर खोलीत असतो, मित्रांचे फोन घेत नाही, विचारलं तर 'हो', 'नाही' एवढंच. बाबा म्हणतात, 'बरा झालाय, आता नुसता आळस.' दोन महिन्यांनी माझं लग्न आहे. तो सगळ्यांत मिसळावा असं वाटतं, आणि चारचौघांत विचित्र वागेल अशी भीतीही वाटते. त्या भीतीची लाज वाटते.
– एक बहीण

लाज कसली गं? सहा वर्षं हे जवळून पाहिलेल्या माणसाला धास्ती वाटणारच. आधी बाबांच्या वाक्याचं बघू, कारण खरी गाठ तिथे आहे.

आवाज आणि संशय ही या आजाराची डोळ्यांत भरणारी बाजू, आणि गोळ्या मुख्यतः तिलाच आवरतात. इच्छा आटणं, बोलणं तुटक होणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं यांवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. आजाराला हे नाव देणारे स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी तर १९११ सालच्या ग्रंथात भासांना दुय्यम ठरवलं होतं. माणूस स्वतःत मिटत जातो, हे त्यांना मुळाशी वाटलं. शिवाय लक्ष आणि स्मरण मंदावतं. चौघं एकदम बोलत असताना कोण काय म्हणालं ते धरायचं, समोरचा चिडलाय की थट्टा करतोय ते ओळखायचं, मग उत्तर जुळवायचं. तोवर विषय कुठल्या कुठे गेलेला असतो. हा आळस नव्हे.

आणखी एक, मला फार महत्त्वाचं वाटतं ते. प्रत्यक्ष आनंदाच्या क्षणी हा आजार असलेल्या अनेकांना इतरांसारखाच आनंद होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. उणीव असते ती आधीच्या ओढीत, 'गेलो तर बरं वाटेल' असं वाटण्यात. म्हणून 'येतोस का रे?' विचारलंस की 'नाही'च ऐकू येईल. 'पाच वाजता मी फिरायला निघतेय, चप्पल घाल' असं म्हणून बघ. तरीही नको म्हणाला तर सोडून दे, उद्या पुन्हा म्हण. टोमणे मात्र बंद. घरात सतत टीका, राग किंवा जिवाला घोर लावणारी अति काळजी असेल तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी सुरू केलेल्या संशोधनातून पुढे आलं. आजार घरामुळे होतो असा याचा अर्थ नाही, हे बाबांना आधी सांग, नाहीतर ते पुढचं ऐकायचेच नाहीत. पत्रात आईचा उल्लेख नाही. पण ती सगळं त्याच्या हातात आणून देत असेल, तर तेही थोडं कमी व्हायला हवं.

आता लग्न. किती वेळ यायचं ते त्यालाच ठरवू दे. तासभर आला तरी खूप. त्याच्या भरवशाचं एक माणूस सोबत, बसायला एक शांत खोली, आणि निघायचं असेल तर ठरलेली खूण. 'सध्या काय करतोस?' हा प्रश्न नातेवाईक विचारणारच (त्यांना दुसरं सुचतच नाही!). त्याचं दोन वाक्यांचं उत्तर त्याच्याबरोबर घरी चार वेळा बोलून बघ. आजाराबद्दल कुणाला काय सांगायचं, तेही त्याच्या मर्जीने. धावपळीत झोप आणि गोळी चुकू देऊ नका.

तोवर डॉक्टरांना विचार, हे मिटणं नैराश्याचं किंवा औषधाच्या सुस्तीचं तर नाही ना. दोन्हींवर उपाय आहेत. पण डोस आपल्या मनाने कमी करायचा नाही. लोकांत वावरण्याचं प्रशिक्षण आणि आधारासह नोकरी यांचीही चौकशी कर. झोप उडाली, आवाज परतले किंवा जगणं नको असं तो बोलला, तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेची वाट बघू नका. आणि पुढच्या भेटीला बाबांना सोबत ने. माझं पत्र ते बाजूला ठेवतील, डॉक्टरांचं बहुधा ऐकतील.