जैवसुरक्षेच्या (म्हणजे रोग पसरू नये म्हणून घ्यायच्या काळजीच्या) सरकारी ‘मार्गदर्शक सूचना’ चिकनवाल्यांना बंधनकारक असतात का?

मुंबईतल्या ज्या दुकानदाराने हे विचारलंय, त्याने आधी कागद नीट बघावा. नुसतं ‘मार्गदर्शक सूचना’ असेल तर तो सल्ला. तेवढ्यावर शिक्षा होत नाही. पण त्याच अटी परवान्यात आल्या किंवा कायद्याखाली अधिसूचना निघाली, की त्या पाळाव्याच लागतात.

कायदा २००९ चा, प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांचा. त्यात कोंबड्याही येतात. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा हा देशव्यापी कायदा नव्हता. आता राज्य सरकार अधिसूचना काढून एखादा भाग नियंत्रित क्षेत्र ठरवू शकतं. मग तिथला बाजार, ने-आण बंद करता येते.

एक गोष्ट मात्र अधिसूचनेची वाट बघत नाही: जिवंत कोंबड्यांचा टेम्पो प्रत्येक खेपेच्या आधी आणि नंतर धुऊन निर्जंतुक करायचा, हे कायद्यातच आहे. पहाटे दुकानापुढे उतरणाऱ्या जाळ्या बघा, कालची विष्ठा-पिसं तशीच चिकटलेली असतात. कृपा करून तशा जाळ्या घेऊ नका. रोग त्यांच्यातूनही फार्मवर परत जाऊ शकतो.