वाचक विचारतात : पाचशे डॉलरची नोंद आणि काउंटीची चोवीस वर्षं

प्रश्न : पैसे घेऊन फुटबॉल खेळणारा पहिला अमेरिकी खेळाडू पुढे राजकारणात गेला, असं ऐकलं. तो कोण? आणि पैसे घेतल्याचा पुरावा काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : विल्यम ‘पज’ हेफेलफिंगर, जन्म मिनियापोलिस, 1867. खेळ अर्थात अंडाकृती चेंडूचा अमेरिकी फुटबॉल. येल विद्यापीठाकडून तो ‘गार्ड’ म्हणून, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या पुढच्या फळीत खेळला आणि 1889 ते 1891 सलग तीन वर्षं देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडक यादीत होता.

12 नोव्हेंबर 1892 रोजी अ‍ॅलेगेनी क्लबनं त्याला पिट्सबर्ग क्लबाविरुद्ध उतरवलं. सामना अ‍ॅलेगेनीनं 4-0 असा जिंकला. प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू घेऊन हेफेलफिंगरनंच धाव काढली आणि टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला. तेव्हा टचडाउनला चार गुण मिळत; त्यानंतरच्या किकचे दोन गुण हुकले, म्हणून आकडा चारच.

पुरावा आहे क्लबाचा हिशेबाचा कागद. त्यावर हेफेलफिंगरला खेळल्याबद्दल रोख 500 डॉलर आणि प्रवासखर्च 25 डॉलर अशी नोंद आहे. एवढं देऊनही क्लबाला त्या सामन्यात 621 डॉलर नफा झाला! हा कागद उजेडात आला तो 1960च्या दशकात. हेफेलफिंगर त्याआधीच, 1954 मध्ये वारला होता; कागद सापडेपर्यंत पहिल्या व्यावसायिकाचा मान 1895 मध्ये दहा डॉलर घेणाऱ्या जॉन ब्रॅलियरकडे होता.

प्रश्न : मग एवढी वर्षं गुप्तता का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : क्लब हौशी म्हणून नोंदलेले असत. मोबदला दिल्याचं सिद्ध झालं, तर हौशी खेळांच्या संघटनेकडून कारवाईची भीती. त्यामुळे आडमार्ग निघाले. खेळाडूला ‘बक्षीस’ म्हणून घड्याळ द्यायचं, त्यानं ते गहाण ठेवायचं, क्लबाच्या माणसानं गहाणाची पावती विकत घेऊन घड्याळ सोडवायचं आणि पुढच्या सामन्यानंतर तेच घड्याळ पुन्हा द्यायचं. अशा काळात अ‍ॅलेगेनीच्या हिशेबनिसानं रक्कम सरळ लिहून ठेवली, म्हणून त्या कागदाचं मोल फार आहे.

प्रश्न : राजकारणात त्यानं काय केलं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : 1904 आणि 1908 मध्ये अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनांत तो प्रतिनिधी होता. 1930 मध्ये अमेरिकी काँग्रेससाठी, म्हणजे तिथल्या संसदेसाठी, पक्षाची उमेदवारी मागितली, मिळाली नाही. पण 1924 ते 1948 तो मिनेसोटा राज्यातल्या हेनेपिन काउंटीचा (मिनियापोलिस ज्यात येतं त्या, आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) कमिशनर होता, आणि त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण ही चोवीस वर्षं एका ओळीत संपवतात. हे आम्हाला अन्यायाचं वाटतं. आपल्याकडचा ‘कमिशनर’ सरकारनं नेमलेला अधिकारी असतो. मिनेसोटातला कमिशनर आपापल्या विभागातून निवडून येतो, म्हणजे जिल्हा परिषद सदस्याच्या जवळचा. फरक असा की ही मोजक्या सदस्यांची मंडळी स्वतःच मालमत्ता कराची रक्कम ठरवते आणि अंदाजपत्रक मंजूर करते. 1929 नंतरच्या मंदीची वर्षं याच मुदतीत आली. कर थकलेले, मदत मागणारे वाढलेले, अशा वेळी काउंटीचा खर्च ठरवणाऱ्या मंडळात तो बसत होता.