१९४९ च्या पैशातला ८: ओव्हरडेट की ठशाचा धक्का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडोदऱ्याच्या शुक्रवारी बाजारात सयाजीराव तिसऱ्यांचा खूर आणि समशेरवाला एक पैसा मिळतोय, संवत १९४९ चा. शेवटच्या ९ च्या कडेला ८ दिसतो, म्हणून विकणारा ‘ओव्हरडेट’ (जुन्या सालाच्या ठशावर नवं साल ठोकून पाडलेलं नाणं) म्हणत दहापट सांगतोय. तुम्ही टाकलेला फोटो पाहून माझं मत, ओव्हरडेट नाही.

१९४९ मध्ये ९ दोनदा येतो, हे आपलं नशीब. दुसऱ्या स्थानावरचा ९ मोठा करून बघा. त्याच्याही उजव्या कडेला तशीच पायरी, म्हणजे आकड्याला लागून दुसरी कड, आहे. ‘संवत’ मधल्या स च्या उभ्या दांडीलाही आहे. साल बदलताना कारागीर शेवटचा आकडा तेवढा नवा ठोकणार, स ला हात कशाला लावेल? सगळ्या अक्षरांना एकाच बाजूला पायरी पडली की समजायचं, दाब बसता बसता ठसा जरासा सरकलाय. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांत हे सर्रास सापडतं. ही पायरी सपाट नि बुटकी असते, आणि मूळ अक्षराचीच जाडी खाते.

खऱ्या ओव्हरडेटची गोष्ट वेगळी. पोलादी ठसा तयार करणं खर्चाचं, धडका ठसा टाकून द्यायला जिवावर येतं, म्हणून जुन्या आकड्यावरच नव्याचा पंच मारायचा. खालचा ८ ठशात खड्डा होऊन राहतो, त्यामुळे नाण्यावर तो उठूनच येतो. रेघ खोलगट असेल तर तो ओरखडा, नाहीतर कुणीतरी सुईने केलेली कलाकुसर. ठशाला गेलेली भेगही उठून दिसते, पण ती आकड्याची वळणं पाळत नाही, वाटेतली अक्षरं ओलांडून सरळ काठाकडे निघते.

आणि ८ कुठला धरायचा? मोबाइलमधला नव्हे. संवत १९४८ च्या पैशाचा फोटो मिळवा, त्यावरचा ८ ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि त्याच मापात तुमच्या ९ वर ठेवा. ९ च्या बाहेर ८ चं जे वळण उरतं, नाण्यावरचा उंचवटा नेमका तिथंच हवा. हे न करता मी एकदा ९ च्या गाठीत साचलेल्या मळाला ८ समजून पैसे मोजून आलो होतो. नाणं आठवडाभर तेलात ठेवलं, तर ओव्हरडेट कापसाला लागून आली! बायको अजून तिची चौकशी करते. (तेल म्हटलं, चिंच-मीठ नव्हे. चिंचेने घासलेला तांब्याचा पैसा लखलखतो आणि कामातून जातो.)

ही सगळी तपासणी यंत्रावरच्या नाण्यांची. सयाजीरावांच्या आधीच्या खंडेराव गायकवाडांच्या काळच्या हातठोक पैशांना ती लावू नका. तिथं चकती हलायची, ठोका दोनदा बसायचा, साल कितीदा चकतीबाहेरच राहायचं. कुणीतरी खाली ईस्ट इंडिया कंपनीच्या इ.स. १८३५ च्या पाव आण्याबद्दल विचारलंय, त्यावर तर ओव्हरडेट शोधूच नये. तेच साल ठेवून पुढे कित्येक वर्षं ती नाणी पाडली गेली. तिथं ठशांचे प्रकार ओळखायचे ते नाण्यावरच्या माळेच्या पानाफळांवरून.

तुमच्या पैशाबद्दल अजून शंका असेल तर फ्लॅश बंद करून खिडकीपाशी बसा. उजेड तिरपा येऊ द्या, नाणं पाव-पाव फिरवत चार फोटो काढा. सावली फिरली तरी उंचवटा जागचा हलत नाही, चमक मात्र फसवते. आणि तशीच खूण, त्याच जागी, दुसऱ्या एखाद्या १९४९ वर दाखवा. दोन नाण्यांवर सापडली तर ती ठशातली, आणि मी इथंच माझे शब्द मागे घेईन.

तोवर त्याला साध्या १९४९ चा भाव सांगा. खूर फार सुरेख उठलाय, त्यासाठी चार पैसे जास्त मीही देईन. दहापट नाही.