चेंबरचे आटे, चुंबकाचा बोल्ट आणि कूलंटमधली हवा

प्रश्न : माझी 2016 ची वॅगन-आर पेट्रोल आहे. दर सर्व्हिसला चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा) बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळलेला असतो. या वेळी खोलताना आट्यांवर कीस दिसला. बोल्टऐवजी ऑईल सोडायचा, दांडी फिरवून उघडणारा व्हॉल्व्ह बसवावा का? (सोलापूर)

उत्तर : आधी आटे तपासा. बोल्ट पुसून, पाना न लावता, नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत आत जातो का बघा. मध्येच लटपटला, किंवा आवळत गेलात तरी घट्ट बसेना, तर आटे गेले. मग व्हॉल्व्हचा उपयोग नाही, कारण तोही त्याच आट्यांवर लटकणार. अशा वेळी चेंबर उतरवून हेलीकॉइल (नव्या आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या किंवा चेंबरच बदला. दुकानात मिळणारा ओव्हरसाइज बोल्ट घेऊ नका. तो स्वतः नवे आटे कापत आत जातो, कापलेला कीस चेंबरमध्येच पडतो, आणि तिरका घुसला तर तिथून कायमची गळती लागते.

आटे शाबूत असतील तर मात्र व्हॉल्व्ह खरंच कामाचा आहे. तो एकदाच आवळायचा, पुढे पान्याला हात लावायची वेळच येत नाही. मारुतीच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांचा चेंबर बोल्ट एम14×1.5 मापाचा असतो, म्हणजे व्यास 14 मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, दीड मिमी. तरीही स्वतःचा बोल्ट व्हर्नियरने मोजा, आणि जुना बोल्ट दुकानात घेऊन जा. 1.25 पिचचा व्हॉल्व्ह पहिले दोन फेरे गुमान जातो, मग अडतो. तिथे जोर लावला की चेंबरचे आटे गेलेच.

खोलण्याआधी गाडीखाली वाकून बोल्टचं तोंड कुठे आहे ते बघा. बाजूला किंवा मागे असेल तर ठीक. सरळ खाली आणि चेंबरच्या सर्वांत खालच्या जागी असेल, तर व्हॉल्व्ह बसवूच नका. गावाकडचा एखादा उंच गतिरोधक त्याला घासला, तर भर रस्त्यात सगळं ऑईल सांडेल.

बसवताना जागा पुसून कोरडी करा आणि व्हॉल्व्हसोबत आलेलं वायसरच वापरा. टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे सुटून ऑईलपंपाच्या जाळीत अडकतात. व्हॉल्व्हचं अंग पितळी असतं, म्हणून टॉर्क (आवळायचा जोर) मूळ बोल्टपेक्षा कमी लागतो. पाकिटावरचा आकडा पाळा. दांडी खाचेत बसली की वरून सेफ्टी क्लिप लावा. ही क्लिप बरेच जण डब्यातच ठेवून देतात. तसं करू नका, उडालेला दगड दांडीला लागण्यापासून तीच वाचवते.

ऑईल बदलताना इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. गाडी सपाट जागेवर, जॅक स्टँडवर हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) थोडी वर ओढून ठेवली तर ऑईल नीट उतरतं. बोल्टने दोन-तीन मिनिटांत उतरणाऱ्या ऑईलला इथे दहाएक मिनिटं लागतात, कारण भोक लहान असतं. आत शिरलेल्या आट्यांचा काठ तळापेक्षा वर राहिला तर थोडं ऑईल मागे उरतं, म्हणून आट्यांची लांबी मूळ बोल्टइतकीच निवडा. फिल्टर दर वेळी बदलायचाच.

प्रश्न : चुंबक असलेला चेंबर बोल्ट लावला. पहिल्याच सर्व्हिसला त्यावर काळसर लगदा निघाला. इंजिन खराब होतंय का? (नाशिक)

उत्तर : लगदा बोटांवर चोळून बघा. ग्रीससारखा मऊ, राखाडी असेल तर ती नेहमीची झीज आहे. पुसा आणि बोल्ट परत लावा. नखाला टोचणारे चपटे तुकडे किंवा सुईसारखे काप असतील तर गाडी चालवू नका, ऑईल प्रेशर तपासून घ्या. पण चुंबक स्वच्छ निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो फक्त लोखंड धरतो. बेअरिंगमधलं तांबं आणि ॲल्युमिनियम त्याच्या हाती लागत नाही. त्यासाठी उतरवलेलं ऑईल उन्हात धरून चमक दिसते का बघा.

बोल्ट घेताना एक गोष्ट विचारा : चुंबक किती तापमानाचा? साधा निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या वर कमजोर होत जातो, आणि चालत्या इंजिनाचं ऑईल सहज 90 ते 110 अंशांवर असतं. 150 अंश सोसणाऱ्या प्रतीचाच घ्या.

प्रश्न : धुऊन वापरायचा कापडी एअर फिल्टर परवडतो का? (जळगाव)

उत्तर : आपल्या धुळीत आम्ही कागदीच सांगू. कापडी फिल्टर धुऊन पूर्ण वाळवावा लागतो, मग मोजून तेल लावावं लागतं. तेल जास्त झालं तर, ज्या गाड्यांना एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) आहे, त्याच्या तारेवर ते बसतं आणि हवा-इंधनाच्या मिश्रणाचं गणित चुकतं.

प्रश्न : कूलंट बदलल्यापासून तापमानाचा काटा मधूनच चढतो. हवा काढायचं नरसाळं घ्यावं का? (कोल्हापूर)

उत्तर : घ्या, आतमध्ये हवा अडकल्याचंच हे लक्षण दिसतं. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा. रेडिएटरच्या तोंडाला बसणारा ॲडॅप्टर आवळून त्यावर नरसाळं लावा आणि ते एक तृतीयांश भरा. कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. तयार मिश्रणात पाणी घालायचं नाही. बोअरचं पाणी तर कधीच नको, त्याचे क्षार नळ्यांत जमतात. गाडीचं नाक थोडं वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिन आयडलवर चालू द्या. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) उघडला की रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, हाताला गरम लागेल आणि नरसाळ्यात मोठे बुडबुडे येतील. होज चेपताना पंख्यापासून हात दूर ठेवा. पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत आणि बुडबुडे संपेपर्यंत थांबा. मग इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, नरसाळ्याच्या तळाला दट्ट्या (बूच) लावून ते उचला आणि झाकण घट्ट करा. दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. ती खाली गेली असेल तर भर घाला. तीन-चार दिवस रोज भर घालावीच लागत असेल, तर तो प्रश्न हवेचा नाही. गळती शोधा.