भाषा कळत नाही, मग गाणं का ऐकायचं?

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. गेले दोन महिने हेडफोन लावून 'मॅग्मा' नावाचा फ्रेंच बँड ऐकतोय. एकदा मी पण ऐकलं, सगळे मिळून जर्मनसारखं काहीतरी गर्जत होते. अर्थ विचारला तर म्हणे आई, ही कुठल्याच देशाची भाषा नाहीये, ड्रमरनेच बनवलीये. मी बारा वर्षं गाणं शिकले, बंदिशीचे शब्द नीट लागले नाहीत की बाई परत म्हणायला लावायच्या. शब्दच कळत नसतील तर गायचं कशाला, नुसती वाद्यं वाजवा ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बारा वर्षं गाणं शिकलात म्हणजे तराणा नक्की गायला असणार. 'नादिर दिर दानी तोम तनन' गाताना अर्थ काय असं तुम्ही बाईंना विचारलं होतं का? नसेलच विचारलं, कारण तिथे अक्षरं लयीसाठी असतात हे गळ्यालाच कळतं. आणि इथे तर भाषा बनवणारा माणूस ड्रमर आहे हे विसरू नका, मला वाटतं सगळी गंमत तिथेच आहे. आपल्याकडे तबलजी आधी बोल म्हणून दाखवतो आणि मग वाजवतो, म्हणजे वाद्याला तोंडाची भाषा असतेच, आणि मॅग्माची गाणी ऐकताना मला सारखं ते पढंतच आठवतं.

त्याचं नाव क्रिस्तियान वांदेर, जन्म १९४८ चा. जॅझचा थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन हा त्याचा देव. (याच कोलट्रेनला आपल्या संगीताची इतकी ओढ होती की पंडित रविशंकरांवरून त्याने मुलाचं नाव रवी ठेवलं, आणि तो रवी पण पुढे सॅक्सोफोनच वाजवायला लागला.) १९६७ मध्ये कोलट्रेन गेला आणि वांदेर पार खचला, त्यातून सावरून १९६९ मध्ये पॅरिसला त्याने मॅग्मा उभा केला. डोक्यात एक मोठी गोष्ट होती, पृथ्वीच्या ऱ्हासाला कंटाळलेली काही माणसं यानात बसून निघतात आणि कोबाया नावाच्या ग्रहावर नवा समाज वसवतात. ही गोष्ट फ्रेंचमध्ये गायला गेलं तर शब्दांत तेवढा जोरच येईना, वांदेर स्वतः हेच सांगत आलाय की सूर सुचताना त्याच्यासोबत हे आवाज आपोआप येत गेले. म्हणजे आधी कोश बनवला, मग गाणी लिहिली असं झालेलं नाही. त्या भाषेला कोबायन म्हणतात. ऐकायला थोडी जर्मन, थोडी स्लाव्ह, व्यंजनं आपटत जाणारी.

आता तराण्यापेक्षा वेगळं काय, तर इथे शब्दांना अर्थ पण आहेत. आइसलँडच्या सिगुर रोस बँडच्या २००२ च्या अल्बममध्ये पण बनवलेली बोली आहे, पण तिला अर्थ असा नाहीच, त्यांनी सोबतच्या पुस्तिकेत कोरी पानं दिली होती, ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावं म्हणून. मॅग्माचं तसं नाही, चाहत्यांनी शब्द जमवून जमवून कोश केलेत आणि कार्यक्रमात लोक सोबत कोबायन गातात.

तुमचा मुलगा बहुतेक १९७३ चा 'मेकॅनिक डिस्ट्रुक्टिव्ह कोमांडो' ऐकत असणार. जेमतेम चाळीस मिनिटांचा अल्बम, सात भाग एकात एक मिसळत जातात. नेबेर गुदाट नावाचा एक प्रेषित पृथ्वीवरच्या लोकांना सांगतो की सुटायचं असेल तर कोबायाच्या वाटेने या, लोक खवळतात, त्याच्यावर चाल करून निघतात, आणि चालता चालताच एकेक जण त्याचं म्हणणं मानायला लागतो. एवढी गोष्ट माहीत असली की पुरे, मग शब्द सोडा आणि गर्दीचा आवाज कसा बदलतो ते ऐका. सुरुवातीला पियानो आणि बास गिटार एकच तुकडा ठोकत राहतात, वर बँडचा गायक क्लाउस ब्लास्किझचा जाड आवाज, मग बायकांचा कोरस, मग ब्रास म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्यं. तोच तुकडा परत परत येतो पण दरवेळी थोडा वर चढलेला असतो. पाचव्या भागात कोरस एका लयीत चाललेला असतो आणि एक आवाज त्यावर अक्षरशः किंचाळतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भीती वाटली होती, खोटं कशाला सांगू.

माझे वडील तबला शिकवायचे. एकदा ते खाली बसून मेथी निवडत होते आणि मी हाच अल्बम लावला. पाचेक मिनिटं काही बोलले नाहीत, मग मेथीची जुडी बाजूला ठेवली, उजव्या हाताने मांडीवर मात्रा मोजायला लागले, दोनदा चुकले, परत धरलं आणि म्हणाले, "अरे याची सम कुठाय?" म्हणजे तालाचं आवर्तन जिथून सुरू होतं ती पहिली मात्रा. गाणारे काय म्हणतायत हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. ताई, तुम्हीही आधी सम शोधा, बारा वर्षांची तालीम आहे, तुम्हाला मुलाच्या आधी सापडेल.

प्रश्न : 'झॉयल' म्हणजे काय आणि मॅग्मा ऐकायला कुठून सुरुवात करू? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : झॉयल हा कोबायनमधलाच शब्द, साधारण 'दिव्य' असा अर्थ, आणि आता या धाटणीच्या सगळ्याच संगीताला तो चिकटलाय. जपानमध्ये तात्सुया योशिदा या ड्रमरने 'रुइन्स' आणि 'कोएंजी ह्याक्केई' असे दोन बँड त्याच वाटेवर काढले, आणि गंमत म्हणजे त्यानेही स्वतःची भाषा बनवून गायलंय, परत ड्रमरच बघ! सुरुवात १९७३ च्या अल्बमनेच कर. १९७० चा पहिला डबल अल्बम नंतर ऐक, तो जॅझकडे झुकलेला आहे आणि मला जरा पसरट वाटतो. त्यानंतर १९७५ चा लाइव्ह अल्बम घे, तो मात्र मोठ्या आवाजात. बँड ऐंशीच्या दशकात थांबला होता, १९९६ ला परत उभा राहिला, आणि २००४ मध्ये 'के ए' आला त्यात सत्तरच्या दशकात सुचलेलं संगीत वांदेरने शेवटी पूर्ण करून रेकॉर्ड केलं. मला तो १९७३ च्या इतकाच आवडतो.